एकच जात, पण वीण निराळी



आज मी तुम्हाला गोगलगायीविषयी चार गोष्टी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजींना दुसरा विषय मिळाला नाही काय? पण २०२२ साल आठवा. त्या वर्षी जून-जुलैत लातूर, बीड आणि धाराशिव या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत सोयाबीनचे कोवळे कोंब जमिनीतून वर आले आणि रातोरात नाहीसे झाले. सकाळी पाहावे तर ओळीच्या ओळी साफ! कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. सरकारला नुकसानभरपाई जाहीर करावी लागली. हे कोणी केले? टोळांनी नाही, रानडुकरांनी नाही. शंखी गोगलगायीने केले. आपल्यात म्हणच आहे, गोगलगाय आणि पोटात पाय!

ज्याच्याशी झुंजायचे त्याचे घर, त्याचे खाणे आणि त्याची वीण माहीत असली पाहिजे. त्यातही वीण पहिली.

आधी थोडे समुद्राकडे जाऊ. गोगलगायींचे मूळ घर समुद्रच. आजही त्यांच्या हजारो जाती समुद्रात राहतात. देव्हाऱ्यातला शंख म्हणजे अशाच एका समुद्री गोगलगायीचे घर. समुद्रात वीण दोन तऱ्हेची असते. काही जाती पुष्कळ पण बारीक अंडी घालतात. त्या अंड्यांत शिदोरी नसते म्हणा ना. पिल्लू बाहेर पडते ते रिकाम्या पोटी. पाण्यात तरंगत, सूक्ष्म शेवाळ खात ते दूर दूर जाते. बहुतेक पिल्ले वाटेतच मरतात. जी जगतात ती नव्या किनाऱ्याला लागतात. दुसऱ्या काही जाती थोडी पण मोठी अंडी घालतात. त्यांत बलक भरपूर असतो. ते पिल्लू शिदोरी घेऊनच निघते आणि आईच्या जवळपासच घर करते.

आता गंमत ऐका. बहुतेक जाती यांतली एकच रीत पाळतात. पण अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या खाड्यांत नखाएवढी एक बिनशंखाची गोगलगाय आहे. तिचे शास्त्रीय नाव अल्डेरिया विलोवाय. ती एकटी दोन्ही रीती पाळते! हिवाळ्यात बारीक अंडी पुष्कळ, उन्हाळ्यात मोठी अंडी थोडी. जात तीच, खाडी तीच, फक्त ऋतू निराळा. असे का? शास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. तेव्हा खाड्यांची तोंडे उघडी असतात आणि पिल्लांना बाहेर जायला वाट असते. उन्हाळ्यात कित्येक खाड्यांची तोंडे वाळूने बुजतात. तेव्हा पिल्ले घरीच राहिलेली बरी.

यातून काय शिकायचे? एका जातीची वीण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. ऋतू, वय, ओलावा आणि खाणे पाहून ती बदलते.

आता आपल्या शेतात या. शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. तिची पिल्ले समुद्रासारखी तरंगत जात नाहीत. अंड्यातून थेट छोटी गोगलगायच बाहेर येते. पण फरक हिच्या विणीतही आहे.

पहिला फरक वयाचा. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. मात्र लहान वयात ती आधी नराचे काम करते. अंडी घालण्याचे बळ मागाहून येते. पहिल्या वर्षी एका वेळी १०० च्या आसपास अंडी. दुसऱ्या वर्षी हाच आकडा ४००-५०० पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे मोठा शंख दिसला की समजा, ही अंड्यांची पेटीच आहे. तिला आधी उचला.

दुसरा फरक पावसाचा. उन्हाळ्यात ती बांधात, दगडाखाली, मातीत शिरते, शंखाचे तोंड बंद करते आणि महिनोन्महिने झोपून राहते. तेव्हा वीण बंद. पाऊस पडला की बाहेर येते, खाते, जुळते आणि भुसभुशीत ओल्या मातीत अंडी घालते. अंडी पिवळसर पांढरी, साबुदाण्याहून थोडी मोठी. ऊब आणि ओल असेल त्याप्रमाणे ती ८ ते २१ दिवसांत फुटतात.

तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. एकदा जुळणी झाली की नराचे बीज ती महिनोन्महिने अंगात साठवून ठेवते. पुढे एकटी असली तरी अंडी घालते. रोपांच्या मातीबरोबर, खताच्या गाडीतून अशी एक जरी आपल्या गावी आली तरी पुरे.

आता हिशेब करा. पहिल्या पावसानंतर दहा मोठ्या गोगलगायी राहू दिल्या आणि प्रत्येकीने २०० अंडी घातली, तर झाली २,०००. म्हणून पहिल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस सोन्याचे. तेव्हा वेचलेली एक ही पुढे वेचायच्या शंभरांबरोबर आहे.

वेचायचे कसे? संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे शेतात ठिकठिकाणी टाका. रात्री त्या खाली गोळा होतात. सकाळी हातमोजे किंवा पिशवी हातात घालून त्या उचला आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. उघड्या हाताने धरू नका. तिच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. मीठ शेतात टाकू नका, जमीन बिघडते. बांधालगत चार बोटे रुंद चुन्याचा पट्टा ओढा. बांधाची माती उकरून अंडी सापडली तर नष्ट करा. फारच झाल्या तर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या एकरी २ किलो टाकतात. पण ते विष आहे. कुत्रे, कोंबड्या, गुरे आणि लेकरे यांना त्यापासून दूर ठेवा. घेण्याआधी कृषी अधिकाऱ्याला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाला विचारा.

शेवटचे सांगतो. गोगलगायीला तुमचा बांध आणि माझा बांध कळत नाही. एकट्याने वेचले तर शेजारच्या शेतातून पुन्हा येतात. भाऊबंदकीत बांधावरून कोर्टात जाणारी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. निदान पहिल्या पावसानंतरचे आठ दिवस तरी बांध विसरा. आयाबायांनी, पोरांनी, म्हाताऱ्यांनी, साऱ्या गावाने मिळून वेचा. ज्यांना आता वाचता येते त्यांनी हा धडा ज्यांना येत नाही त्यांना वाचून दाखवा. पेरणीच्या आधी वाचून दाखवा, नंतर नव्हे.