रक्त : घटक, कार्य आणि रक्ताचे नाते



ज्या समाजात कुळ, गोत्र आणि मूळपुरुष यांची स्मृती पिढ्यान्पिढ्या जपली जाते, त्या समाजात ‘रक्ताचे नाते’ या शब्दांना मोठे वजन असते. घरातील रोग्याला रक्ताची गरज पडली की ‘रक्त आपल्याच माणसाचे हवे’ असा आग्रह धरला जातो, तो या भावनेतूनच होय. हा आग्रह कितपत योग्य आहे, हे ठरविण्यापूर्वी रक्त म्हणजे काय, ते पाहणे अगत्याचे आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातील सुमारे ५५ टक्के भाग फिकट पिवळसर रक्तद्रवाचा, म्हणजेच प्लाझ्माचा, व उरलेला पेशींचा असतो. रक्तद्रवात सुमारे ९० टक्के पाणी असून प्रथिने, क्षार, साखर व संप्रेरके त्यात मिसळलेली असतात. अन्नरस सर्व अवयवांना पोचविणे, टाकाऊ द्रव्ये मूत्रपिंडांकडे नेणे आणि शरीराची उष्णता सर्वत्र सारखी वाटणे, ही कामे हा द्रव अहोरात्र करीत असतो.

पेशी तीन प्रकारच्या असतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये तांबड्या पेशी सुमारे ४५ ते ५० लाख असतात. त्यांतील लोहयुक्त हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो शरीरभर पोचविते. या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. जीर्ण पेशी प्लीहेत व यकृतात मोडल्या जातात, त्यांतील लोह पुन्हा उपयोगात आणले जाते आणि अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी जन्म घेतात. पांढऱ्या पेशी संख्येने पुष्कळच कमी, ४ ते ११ हजार. परंतु रोगजंतूंशी झुंज देणे त्यांच्याकडे असते. रक्तबिंबिका, ज्यांना प्लेटलेट म्हणतात, त्या जखमेच्या ठिकाणी गोळा होतात व रक्तद्रवातील फायब्रिनोजनपासून बनलेल्या तंतूंच्या जाळ्यासह रक्तस्राव थांबवितात.

सर्व माणसांचे रक्त दिसावयास सारखेच असले, तरी ते एकमेकांस चालतेच असे नाही. व्हिएन्नाचे डॉ. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट दाखवून दिले व १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तगट आईवडिलांकडूनच येतो, तथापि तो त्यांच्यासारखाच असेल असे नाही. पित्याचा गट ए व मातेचा बी असूनही पुत्राचा गट ओ असू शकतो. अशा पुत्राला प्रसंगी पिता आणि माता, दोघांचेही रक्त चालत नाही. ओ गटाच्या परक्या माणसाचे चालते.

याहून विलक्षण उदाहरण १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला जातो. साध्या तपासणीत तो ओ वाटतो, परंतु या लोकांना ओ गटाचेही रक्त चालत नाही. सख्ख्या भावंडात तो आढळण्याचा संभव असतो, खात्री मात्र नसते. अशा वेळी दूरच्या गावचा अनोळखी दाताच प्राणदाता ठरतो.

निकटच्या नातलगाच्या रक्तात आणखी एक धोका संभवतो. त्यातील पांढऱ्या पेशी रोग्याच्या शरीराला परक्या न वाटता तेथेच तग धरतात आणि त्याच्याच पेशींवर उलटतात. हा प्रकार विरळा असला तरी बहुधा प्राणघातक ठरतो. म्हणून असे रक्त किरणोत्साराची प्रक्रिया केल्यावाचून देऊ नये, असे वैद्यकशास्त्र सांगते.

शिवाय आयत्या वेळी धावून आलेल्या पुत्राचे रक्त लगेच चढविता येत नाही. त्याची एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, उपदंश व हिवताप यांसाठी तपासणी व्हावी लागते. तोवर रोग्याचा जीव तगतो तो कोणी अनोळखी माणसाने आधीच देऊन ठेवलेल्या रक्तावर. हा साठाही फार दिवस टिकत नाही: तांबड्या पेशी अधिकात अधिक ४२ दिवस, तर रक्तबिंबिका साधारण ५ दिवस. रक्त कारखान्यात तयार होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर, १ जानेवारी १९९८ पासून, आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आहे. म्हणून हा साठा स्वेच्छेने देणाऱ्यांनीच भरावयाचा असतो.

१८ ते ६५ वर्षे वयाची, ४५ किलोंहून अधिक वजनाची व पुरेसे हिमोग्लोबिन असलेली निरोगी व्यक्ती रक्तदान करू शकते. पुरुषांना ९० व स्त्रियांना १२० दिवसांनी ते पुन्हा करता येते. एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. त्यातील द्रवाची भरपाई एकदोन दिवसांत व पेशींची काही आठवड्यांत होते. उपवासाच्या दिवशी, रिकाम्या पोटी मात्र रक्त देऊ नये.

कुळाची नोंद जपणाऱ्या प्रत्येक घराने आपल्या माणसांच्या रक्तगटांचीही नोंद ठेवावी आणि घरात कोणी आजारी नसतानाच रक्त द्यावे. ज्याला ते मिळेल त्याचे कुळ दात्याला कळणार नाही, आणि आपल्या घरच्या रोग्याला जीवदान देणाऱ्याचे कुळही आपणांस कधी कळणार नाही. रक्ताचे नाते याहून विशाल ते कोणते?