सगळ्यांनीच हात आखडला तर?

(वलवण येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



बातम्यांत ‘वित्तीय तूट’ हा शब्द आला की आपण उठून कुकर लावायला जातो. हा शिकल्या-सवरलेल्या पुरुषांचा विषय, असं आपल्याला वाटतं. पण या तुटीसाठी काटकसर ठरते, तेव्हा रेशन, दवाखाना, अंगणवाडी यांत जे कमी पडतं ते भरून काढायला बाईच राबते. म्हणून आज याच विषयावर बोलू.

पुढारी सांगतात, घर चालवतो तसं राज्य चालवायचं, अंथरूण पाहून पाय पसरायचे. आपल्याला ते पटतं, कारण आपण जन्मभर तेच केलं. पण यात एक गफलत आहे. तुमची मिळकत येते कुठून? मुंबई-पुण्याची माणसं बंगल्यावर येतात, हॉटेलात उतरतात, चिक्की घेऊन जातात. त्यांचा खर्च ती तुमची कमाई. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली, बंगल्यांना कुलपं लागली, आणि धुणीभांडी, झाडलोट, चिक्कीचं पॅकिंग सगळंच थांबलं. सगळ्यांनीच हात आखडला की सगळ्यांचीच कमाई बुडते. त्या एप्रिल ते जूनमध्ये देशाचं उत्पादन आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरलं. अशा वेळी खर्च करू शकणारं एकच घर उरतं, ते सरकारचं. त्याला कर्ज मिळतं. (बचत गटाला किती खेटे घालावे लागतात, ते तुम्ही जाणताच!)

पण झालं काय? मे २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने विकासकामांच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली. राज्याला मनाला येईल तेवढं कर्ज काढता येत नाही, हे खरं. पण ज्याला काढता येतं त्या केंद्राने २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यातला मोठा भाग कर्जाचा आणि हमीचा. जनधन खातं असलेल्या बाईला महिना ५०० रुपये, तेही तीनच महिने.

याच महाराष्ट्राने एकदा वेगळी वाट काढली होती. १९७२च्या दुष्काळात सरकारने कामं काढली. मे १९७३मध्ये त्यांवर सुमारे ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. पैशासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. कामावर निम्म्याच्या आसपास बायका असत. मजुरी कमी, मापात खोट, पाळणाघर बरेचदा कागदावर, हे सगळं होतंच. तरी हातात आलेली मजुरी किराणा दुकानात, गिरणीत जात होती आणि गावात पैसा फिरत होता.

२००५ साली याच धर्तीवर देशाचा कायदा झाला, पण त्यात ‘ग्रामीण’ हा शब्द होता. २०२०मध्ये केंद्राने त्या योजनेला ४० हजार कोटी जास्तीचे दिले. मावळातल्या ग्रामपंचायतीतली बाई काम मागू शकत होती. वलवण मात्र लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत! नावाला शहर असल्यामुळे तुमचा हक्क गेला. केरळने २०१०मध्ये आणि राजस्थानने २०२२मध्ये शहरांसाठीही रोजगार हमी आणली. मग आपण का मागू नये?

२०२४ साली ‘लाडकी बहीण’ सुरू झाली. तिला खैरात म्हणणाऱ्यांना उद्योगांच्या सवलती दिसत नाहीत. ते १५०० रुपये जरूर घ्या. पण ते मिळाले म्हणून काम, पाळणाघर आणि दवाखान्याची मागणी सोडायची नाही.

नगरपरिषदेला द्यायच्या अर्जाचा मसुदा तयार आहे. त्यात पाळणाघर, आजाऱ्यांची देखभाल, पावसाळी पर्यटकांनी केलेला कचरा उचलणं, अशी मजुरी देऊन करता येण्यासारखी कामं लिहिली आहेत. चहानंतर तो वाचून दाखवते, राहिलेली कामं तुम्ही सांगा.