कोर्टाची पायरी कुठे चढावी?



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. बांधावरून भाऊ-भाऊ भांडत असतील, तर ही म्हण खरी आहे. पण नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई, कडेवर पोर, माहेरी दोन एकर कोरडवाहू, तिने काय करावे? तिने पायरी चढलीच पाहिजे. मग प्रश्न येतो, कुठली पायरी? आज आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

पुष्कळांची समजूत अशी, की नवरा-बायकोचा तंटा म्हटला म्हणजे शहरातले कौटुंबिक न्यायालय. तिथे जायचे म्हणजे एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी, आणि वर पुढची तारीख. मग बाई म्हणते, "जाऊ द्या गुरुजी, कोण जातंय एवढ्या लांब!" आणि हक्क तिथेच राहतो.

कौटुंबिक न्यायालयाचा कायदा १९८४ साली झाला. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरासाठी असे न्यायालय काढलेच पाहिजे, असे तो सांगतो. इतर ठिकाणी सरकारला गरज वाटेल तिथे ते काढता येते. घटस्फोट, नांदायचा दावा, पोटगी, मुलांचा ताबा ही कामे तिथे एकाच छपराखाली चालतात. आधी समेट होतो का, ते पाहिले जाते. सोय चांगली आहे. पण गावाला जशी शीव, तशी या न्यायालयालाही हद्द असते. त्या हद्दीबाहेर नेहमीचीच कोर्टे काम पाहतात. पोटगी तालुक्याच्या फौजदारी कोर्टात. घटस्फोट आणि मुलांचा ताबा दिवाणी किंवा जिल्हा कोर्टात.

आता उदाहरण घेऊ. समजा, करमाळ्याकडची मुलगी पुण्यात दिली. तिकडे बिनसले, ती माहेरी आली. तिने पुण्याला खेटे घालायचे का? नाही. पोटगीचा अर्ज ती राहते तिथे करता येतो. मारहाण, छळ झाला असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालीही ती राहते तिथेच दाद मागता येते. मग ते राहणे तात्पुरते का असेना! घटस्फोटासाठी मात्र पूर्वी लग्न लागले तिथे, नवरा राहतो तिथे, किंवा दोघे शेवटी एकत्र राहिले तिथे जावे लागे. २००३ साली हिंदू विवाह कायदा दुरुस्त झाला. आता अर्ज बायकोचा असेल, तर ती राहते तिथल्या कोर्टातही तो चालतो.

म्हाताऱ्या आई-बापांचेही असेच आहे. पोरगा मुंबईत कमावतो, गावाकडे दमडी धाडीत नाही. ज्यांना स्वतःचे पोट भरता येत नाही, त्या आई-बापांना पोटगीचा हक्क पूर्वीही होता. पण या कायद्याचा अर्ज मुलगा असेल तिकडे जाऊन करावा लागे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. आता आई-बाप राहतात तिथेही अर्ज देता येतो.

आता दुसरी बाजू. नवऱ्यानेच शहरात दावा लावला आणि समन्स गावी आले, तर? आम्ही शाळेत होतो, तेव्हा कोर्टाचा कागद आला की लोक वाचून घ्यायला आमच्याकडे आणीत. काहीजण तारीख उलटून गेल्यावर आणीत. तोवर कागद देव्हाऱ्यामागे खोचलेला! "आपण गेलोच नाही, तर कोर्ट काय करणार?" असे म्हणत. कोर्ट एकतर्फी निकाल देऊ शकते. बाई घरी भाकरी थापीत असते, आणि तिकडे तिचा घटस्फोट होऊन गेलेला असतो.

म्हणून समन्स नाकारू नका. पहिल्यांदा तारीख पाहा. त्या दिवशी हजर राहा. लांबचे कोर्ट झेपत नसेल, तर दावा आपल्या जिल्ह्यात बदलून मिळावा, असा अर्ज उच्च न्यायालयात करता येतो. बाईची गैरसोय, लहान मूल, प्रवासखर्च या गोष्टी तिथे विचारात घेतात. पण नुसता अर्ज दिला म्हणजे दावा थांबला, असे नव्हे. तसा हुकूम होईपर्यंत तारीख चुकवू नका.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, वकिलाला पैसे कुठले?" ऐका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातीचे लोक यांना फुकट वकील मिळतो. त्यांची मिळकत किती, हे बघत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यावा. १५१०० या नंबरावर फोन केला तरी माहिती मिळते. आपले काम कुठल्या कोर्टात चालेल, हेही तिथेच विचारून घ्यावे.

आणि उशीर करू नका. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. म्हणजे अर्ज न करता वर्षभर वाट पाहिली, तर ते वर्ष हातचे गेले. निकालापर्यंत पोट चालावे म्हणून अंतरिम पोटगी मागता येते. नोटीस लागू झाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्या अर्जाचा निकाल व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे आम्ही लपवीत नाही. म्हणून तर लवकर निघायचे.

निघताना लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्माचे दाखले आणि नवऱ्याच्या नोकरीचा, जमिनीचा, कमाईचा जेवढा तपशील मिळेल तेवढा बरोबर घ्या. अर्जाची एक नक्कल स्वतःजवळ ठेवा. तिच्यावर केसचा नंबर आणि पुढची तारीख आपल्या हाताने लिहा. आणि कुणी कितीही घाई केली, तरी कागद वाचल्याशिवाय त्याच्यावर सही करू नका. आता तुम्हांला वाचता येते.