आजीचा दिवा आणि न दिसणारा प्रकाश



भोर तालुक्यांतील भोंगवली गांवच्या एखाद्या घरांत अंथरुणाला खिळलेली आजी आहे, अशी कल्पना करा. रात्रीं जाग आली, तर दिव्यासाठीं तिला हांक मारावी लागते; आणि दुसऱ्याची झोपमोड नको म्हणून पुष्कळदां ती अंधारांतच पडून राहते. घरांतील पडीक रिमोटावर तिचा दिवा लावावा, असें नातवानें मनांत आणलें, तर त्यास काय करावें लागेल?

रिमोटाचा प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं. विल्यम हर्शेल ह्या खगोलशास्त्रज्ञानें १८०० सालीं तांबड्या रंगापलीकडे उष्णतामापक ठेवून ह्या अवरक्त किरणांचा शोध लावला. सूर्यहि हे किरण पाठवितो. त्या गर्दींत ओळख पटावी, म्हणून रिमोटाचा दिवा सेकंदास सुमारें ३८,००० वेळां लुकलुकतो. तीन पायांचा ग्राहक तेवढीच लुकलुक निवडून घेतो.

प्रचारांतील एका पद्धतींत प्रारंभीं ९ सहस्रांश सेकंदांची खूण, मग साडेचार सहस्रांशांची स्तब्धता आणि नंतर ३२ चिन्हें येतात. चिन्हांतील स्तब्धता आंखूड असेल तर शून्य, लांब असेल तर एक. उपकरणाचा व कळीचा क्रमांक एकदां सरळ आणि एकदां उलट, म्हणजे शून्याच्या जागीं एक व एकाच्या जागीं शून्य असा, पाठवितात. दक्ष कारकून बेरीज वरून खालीं आणि खालून वर करून पाहतो, तशीच ही पडताळणी.

हीं चिन्हें वाचण्यास, इटलींतील इव्रेआ येथें २००५ सालीं विद्यार्थ्यांसाठीं सिद्ध झालेली आर्डुइनो ही लहानशी संगणक-पाटी पुरते. नातवानें प्रथम फक्त ऐकावें व प्रत्येक कळीचा आंकडा वहींत टिपावा. मग त्यांतील एक निवडून यंत्रास आज्ञा लिहून द्यावी: हा आंकडा आला कीं दिवा लाव, पुनः आला कीं मालव.

खरी अडचण पुढेंच आहे. आजीचा थरथरता अंगठा कळीवर रेंगाळतो. कळ दाबून धरली असतां रिमोट सेकंदास सुमारें नऊ वेळां ‘तेंच पुनः’ असा छोटा संकेत पाठवितो. प्रत्येक संकेत नवी आज्ञा मानला, तर दिवा लागतो, विझतो, पुनः लागतो. आणि आजी गोंधळून रिमोट दूर ठेवते. म्हणून हे संकेत सोडून द्यावे, आणि एक आज्ञा पाळल्यावर सेकंदभर दुसरी घेऊं नये, असें यंत्रास बजावून ठेवलें पाहिजे.

दिवा ५ व्होल्टांचा लहानसाच घ्यावा. घरांतील २३० व्होल्टांच्या तारांना जाणत्या वायरमनखेरीज कोणींहि हात लावूं नये.

यंत्रास आजी ठाऊक नाहीं. तिच्या अंगठ्याचा कंप जाणावयाचा तो नातवानेंच. ज्या रात्रीं कोणालाहि हांक न मारतां तिला उशाचा तांब्या सांपडेल, त्या रात्रीं हा धडा पुरा झाला असें समजावें.