दास झालेला प्रभु
(महोत्सवाच्या उपकारस्तुतिप्रसंगीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाचा हा मंगल दिवस. वाडवडिलांनीं श्रद्धेनें जें पेरलें त्याचें पीक आज आपण पाहत आहों. त्याबद्दल परमेश्वराची उपकारस्तुति करणें हें आपलें पहिलें कर्तव्य होय. परंतु उत्सव म्हटला कीं मानापमान आलाच. पुढच्या बांकावर कोणीं बसावें, संगमरवरी पाटीवर कोणाचें नांव आधीं कोरावें, असे प्रश्न हळूच डोकें वर काढितात. हे प्रश्न नवे नाहींत. शेवटच्या भोजनाच्या रात्रीं, प्रभूच्या मेजाभोंवतींच, आपणांमध्यें मोठा कोण असा वाद शिष्यांत झाल्याचें संत लूक सांगतो. त्याच रात्रीं प्रभूनें काय केलें तें संत योहानाच्या तेराव्या अध्यायांत लिहिलें आहे.

त्या देशांतील वाटा धुळीच्या आणि लोकांच्या पायीं साध्या वहाणा. पाहुण्याचे पाय धुणें हें घरांतील अगदीं खालच्या दासाचें काम. प्रभु भोजनावरून उठला, त्यानें बाहेरील वस्त्र उतरविलें, कमरेस रुमाल बांधला, गंगाळांत पाणी ओतलें आणि एकेका शिष्यापुढें तो वांकला. पेत्रास तें सहन होईना. पण येथें योहानाचा एक शब्द आपल्या नजरेतून सुटूं नये. पित्यानें सर्व कांहीं आपल्या हातीं दिलें आहे, आपण देवापासून आलों व देवाकडे जात आहों, हें जाणूनच प्रभु उठला, असें तो म्हणतो. म्हणजे आपलें देवपण विसरून प्रभूनें पाय धुतले नाहींत. तें पुरतें ठाऊक असतांना धुतले.

चौथ्या शतकांत एरियस नांवाचा धर्मगुरु शिकवूं लागला कीं, पुत्र हा सर्वांत श्रेष्ठ खरा, पण तो निर्माण केलेलाच. सन ३२५ मध्यें निकेया येथील धर्मसभेनें ही शिकवण नाकारली आणि पुत्र पित्याशीं एकतत्त्व आहे असें जाहीर केलें. सन २०२५ मध्यें त्या घोषणेस १७०० वर्षें पूर्ण झालीं. हा केवळ पंडितांचा वाद होता असें कोणी समजूं नये. येशू हा केवळ थोर मनुष्य असता, तर त्याचें पाय धुणें हा एक सुंदर कित्ता ठरला असता, इतकेंच. परंतु तो देव आहे. म्हणून पेत्राची टांच ज्या हातानें धरिली तो हात सृष्टिकर्त्याचा होता. संत पौलही फिलिप्पैकरांस हेंच शिकवितो: जो देवस्वरूपी होता तो दास झाला आणि क्रूसावरील मरणापर्यंत उतरला. देव कसा आहे हें आपणांस त्या गंगाळापाशीं कळतें.

यावरून खरी नम्रता ओळखावी. जो चारचौघांत स्वतःस कमी लेखतो आणि स्तुतीची वाट पाहतो, तो नम्र नव्हे. ज्याला आपल्या मोलाची खात्री नाहीं तोच खुर्चीसाठीं भांडतो. बाप्तिस्म्यानें आपण देवाचीं लेंकरें झालों हें ज्याच्या मनांत पक्कें आहे, त्याला शेवटच्या बांकावरही कमीपणा वाटत नाहीं. आणि हेंही ध्यानांत असूं द्या कीं, यहूदा अजून मेजावर होता. प्रभूनें त्याचेही पाय धुतले.

या वाटेनें गेलेल्यांची उणीव नाहीं. महान संत ग्रेगोरी (पोपपद ५९० ते ६०४) स्वतःस देवाच्या दासांचा दास म्हणवीत. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया पूर्वेकडे व्यापारांत यशस्वी झाले होते. तें सर्व सोडून मनिला येथें ते फ्रान्सिसकन संघांत शिरले, तेही धर्मगुरु म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून. जपानांत ते आपल्या बंधूंचे दुभाषे झाले. त्या बंधूंनीं क्योतो शहरीं कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें इतर २५ जणांसह गोन्सालो क्रूसावर मरण पावले. सन १८६२ मध्यें त्यांस संतपद मिळालें. आपल्या काळांत पोप फ्रान्सिस यांनीं २८ मार्च २०१३ रोजीं, पवित्र गुरुवारीं, रोममधील अल्पवयीनांच्या बंदिगृहांत बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते.

आतां आपल्याकडे वळूं. पवित्र गुरुवारीं ज्यांचे पाय धुवावयाचे असतात ते घरूनच पाय स्वच्छ धुवून येतात! खरे मळलेले पाय मंदिराबाहेर आहेत. अंथरुणास खिळलेल्या सासूची चादर जी सून रात्रीं दोनदां बदलते, तिचें नांव कोणत्याही पाटीवर नाहीं. गांवाच्या कडेस झोंपडींत राहणाऱ्या मजुराची विचारपूस कोण करितो? बांधाच्या वितीसाठीं ज्या सख्ख्या भावाशीं वर्षानुवर्षें अबोला आहे, त्याच्या दारीं आधीं कोणीं जावें? ज्याला प्रभूची ओळख आहे त्यानें. महोत्सवाच्या या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें असें एक तरी दार निवडावें, अशी आमची विनंती आहे.

हा नियम आम्हां धर्मगुरूंस तर आधीं लागू. आमच्या ज्या हातांचें वडीलधारी माणसें भक्तीनें चुंबन घेतात, ते हात गंगाळ उचलण्यासाठींच अभिषिक्त झाले आहेत. पाटीवरील अक्षरें पावसानें पुसट होतील. पण सेवेसाठीं वांकलेला एकही गुडघा प्रभु विसरणार नाहीं. तो आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.