परिषदेंत वाचलेला निबंध

कयाधूच्या कांठची नर्सी हेंच नामदेवमहाराजांचें जन्मस्थान, असें मानणारे पुष्कळ. परंतु कांहीं अभ्यासक तो मान कऱ्हाडाकडील नरसिंहपुरास, तर कांहीं पंढरपुरास देतात. हिंगोली जिल्ह्यांतील एखादा विद्यार्थी या वादावर प्रबंध लिहावयास बसला, म्हणजे ग्रंथांपाठोपाठ परिषदांतून वाचलेले निबंधही त्याच्या हातीं येतात. ग्रंथाचा उल्लेख त्यास साधतो. भाषणापाशीं मात्र लेखणी अडखळते, आणि ‘एका परिषदेंत एका विद्वानांनीं सांगितलें’ एवढ्यावर काम भागविलें जातें. ज्या वादांत एका गांवाचा मान पणास लागला आहे, तेथें हा पुरावा ऐकीव साक्षीहून अधिक मोलाचा नव्हे.

उल्लेख करावयाचा तो असा: प्रथम वक्त्याचें नांव, मग वर्ष व दिवस, मग शीर्षक, त्यापुढें चौकटी कंसांत ‘वाचलेला निबंध’ किंवा ‘अध्यक्षीय भाषण’ असा खुलासा, आणि अखेरीस परिषदेचें नांव व स्थळ. नामदेवांच्या स्मृतीनें पावन झालेल्या पंजाबांतील घुमान येथें 2015 सालीं 88 वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, अध्यक्ष डॉ. सदानंद मोरे होते. त्यांच्या भाषणाच्या नोंदींत 3 ते 5 एप्रिल हे तिन्ही दिवस येतील. भाषण एका दिवशीं झालें तरी सबंध संमेलनाचे दिवस द्यावे, असा अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीचा दंडक आहे.

निबंध पुढें छापला गेला, कीं खरी अडचण उभी राहते. पुण्यास नोव्हेंबर 1919 मध्यें पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली. तिचें इतिवृत्त दोन खंडांत निघालें. पहिला 1920 सालीं, दुसरा 1922 सालीं. दुसऱ्या खंडांतील निबंधाची नोंद छापील ग्रंथाप्रमाणें, पृष्ठांकांसह, 1922 या वर्षाखालींच करावी. कारण वाचकास तेंच पान उघडावयाचें असतें. परंतु तो निबंध 1919 सालीं वाचला गेला, हें मजकुरांत अवश्य सांगावें. मधल्या तीन वर्षांत दुसऱ्या कोणीं तेंच मत छापलें असेल, तर प्रथम कोण बोललें याचा निवाडा त्या एका वाक्यावर ठरतो. शिवाय वाचलेला व छापलेला मजकूर पुष्कळदां एक नसतो. सभेंत आक्षेप आले, कीं शहाणा लेखक दुरुस्ती करतोच.

1910 सालीं स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या जुन्या संमेलनवृत्तांवर शक आढळतो. त्यांत डोळे मिटून 78 मिळवूं नयेत. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79 मिळवावे लागतात.

कार्यक्रमपत्रिकेंत नोंदलेला निबंध छापला नसला तरी सूचींत येतो. मात्र चहाच्या वेळीं व्हरांड्यांत वक्त्यानें सांगितलेली गोष्ट (आणि बहुधा तीच अधिक रसाळ असते!) सूचींत येत नाहीं, ती मजकुरांतच, नांव व तारीख देऊन, खासगी संभाषण म्हणून नोंदावी, आणि तत्पूर्वीं वक्त्याची संमति घ्यावी. नर्सीच्या वादांत कोणी अप्रकाशित निबंधाचा आधार घेत असेल, तर त्यानें लेखकाकडून त्याची प्रत मागून घ्यावी व ती कोठें पहावयास मिळेल हें नोंदींतच लिहावें.