गिधाडे परत यायची तर



आज मी तुम्हाला एका पक्ष्याची हकीकत सांगणार आहे. हा पक्षी दिसायला देखणा नाही. लोक त्याच्या नावाने शिवी देतात. पण तो नाहीसा झाला, तेव्हा त्याची किंमत कळली. तो पक्षी म्हणजे गिधाड.

गिधाड हा गरुडाचाच भाऊबंद. गरुड शिकार करतो, गिधाड मेलेले खाते, एवढाच फरक. तुमच्यात जे पन्नाशीच्या पुढचे आहेत, त्यांनी गिधाडे पाहिली असतील. ढोर मेले की ते गावाबाहेर नेऊन टाकत. थोड्याच वेळात आभाळात ठिपके दिसू लागत. ठिपके मोठे होत. बघता बघता गिधाडांचा थवा उतरे. तासा-दोन तासांत नुसती हाडे उरत. घाण नाही, दुर्गंधी नाही. एवढे काम त्यांनी फुकट केले. आपण मात्र त्यांना पाहून नाक मुरडले.

आज तरुण पोरांना विचारा. पुष्कळांनी गिधाड फक्त चित्रात पाहिले आहे. मग गिधाडे गेली कुठे?

ती मेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचे उदाहरण घ्या. १९९२ साली देशात हजार गिधाडे होती असे धरा. २००७ साली त्यांतले एक उरले. हजारातले एक! लांब चोचीची आणि बारीक चोचीची गिधाडेही अशीच गेली. गिधाडे गेली आणि मेलेल्या ढोरांवर भटकी कुत्री पोसू लागली. कुत्री वाढली, तसे पिसाळलेल्या कुत्र्याचे भयही वाढले.

सुरुवातीला कोणाला कारण कळेना. कोणी म्हणे रोग आला, कोणी म्हणे खायला मिळत नाही. शेवटी मेलेली गिधाडे तपासली. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर होता. २००४ साली शास्त्रज्ञांनी कारण जाहीर केले. ते होते एक औषध. त्याचे नाव डायक्लोफेनॅक.

एखादा विचारील, "अहो, सुई टोचली गाईला. मग गिधाड कसं मेलं?"

सांगतो. जनावर लंगडते, त्याला सूज येते, ताप येतो. तेव्हा दुखणे कमी व्हावे म्हणून हे औषध टोचत. गाईला त्याने आराम पडे. पण सुई दिल्यावर एक-दोन दिवसांत गाय मेली, तर औषध तिच्या मांसात राहते. ते मांस गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे बंद पडतात. काही दिवसांत ते मरते. एका ढोरावर कितीतरी गिधाडे जेवतात. म्हणून शंभर ढोरांत एकाच्या मांसात जरी हे औषध असले, तरी सारी जात बुडायला तेवढे पुरते.

आता पुढचे ऐका. हरियाणात पिंजोर नावाचे गाव आहे. तिथे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि हरियाणाचे वनखाते यांनी मिळून एक केंद्र काढले. रामायणातल्या जटायूचे नाव त्याला दिले. रानात गिधाडे मरतच होती. तेव्हा थोडी तरी सुरक्षित ठेवावी, त्यांची पिल्ले वाढवावी, म्हणजे बीज टिकेल, असा विचार झाला. शेतकरी नाही का, दुष्काळातही बियाण्याची कणगी फोडत नाही? तसेच हे.

पण गिधाड म्हणजे कोंबडी नव्हे. कोंबडी वर्षात कितीतरी अंडी घालते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पिल्लू मोठे होऊन जोडी जमवायला पाच-एक वर्षे लागतात. शिवाय नर कोणता आणि मादी कोणती, हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी रक्त तपासावे लागते.

म्हणून त्यांच्यासाठी मोठमोठी जाळीची घरे बांधली. आत पंख पसरून उडता येईल एवढी जागा ठेवली. गिधाडे कळपात राहणारी, म्हणून पुष्कळ जोड्या एकत्र ठेवल्या. अंडे घालायला उंचावर जागा केल्या. माणसांचा त्रास नको, म्हणून आत कॅमेरे लावले. माणसे दूर बसून पडद्यावर सारे पाहतात. खाण्यासाठी बकऱ्या आणतात. त्या लगेच कापत नाहीत. आधी काही दिवस केंद्रातच ठेवतात. एखादीला कोणी औषध दिले असेल, तर ते अंगातून निघून जावे, हा हेतू.

अंड्यावर नर-मादी पाळीपाळीने बसतात. सुमारे ५०-५५ दिवसांनी पिल्लू बाहेर येते. दोघे मिळून त्याला भरवतात. चार-एक महिन्यांनी ते उडते.

पहिले यश सोपे नव्हते. २००७ साली पिंजोरला पहिली पिल्ले निघाली, पण ती जगली नाहीत. लोकांनी धीर सोडला नाही. २००८ साली पिल्लू वाढले आणि उडाले. पुढे तिन्ही जातींची पिल्ले झाली. मग एक युक्ती केली. पहिले अंडे लवकर काढून यंत्रात उबवले, तर काही जोड्या त्याच वर्षी दुसरे अंडे घालतात. अशी एका वर्षात एकाची दोन पिल्ले झाली. पश्चिम बंगाल, आसाम आणि मध्य प्रदेशातही अशी केंद्रे निघाली.

तुम्ही म्हणाल, "मग झालं की! सोडा त्यांना रानात."

इथेच खरी अडचण आहे. आपण लेक लाडाने वाढवली, शिकवली, सासरी पाठवली. पण तिथल्या ताटात विष असेल तर? पिंजऱ्यातले पिल्लू कितीही निरोगी असो, बाहेर पहिल्याच ढोराच्या मांसात ते औषध निघाले, तर वर्षांची मेहनत एका दिवसात जाईल. केंद्राचे काम पिल्ले वाढवण्याचे. त्यांचे ताट शुद्ध ठेवण्याचे काम आपले आहे.

सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केले. तरी लोक माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या आणून ढोरांना टोचत. म्हणून २०१५ साली माणसांसाठीही त्याची ३ मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली बंद केली. २०२३ साली केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही आणखी दोन औषधे जनावरांसाठी बंद झाली. तीही गिधाडांना मारक आहेत.

दरम्यान थोडी थोडी गिधाडे सोडू लागले. २०२० साली पिंजोरहून आठ सोडली. २०२४ साली तिथली २० गिधाडे आपल्या विदर्भात, ताडोबा आणि पेंच इथे आणली. आधी काही महिने जाळीत ठेवली, मग सोडली. पण गिधाडाला जंगलाची हद्द ठाऊक नसते. ते शेकडो कोस जाते. आज ताडोबावर, तर काही दिवसांनी तुमच्या-आमच्या शिवारावर. म्हणून हे काम एकट्या वनखात्याचे नाही.

मग आपण काय करायचे? चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. जनावराला सुई देताना डॉक्टरांना विचारा, "साहेब, हे कोणतं औषध?" दुखण्यावर मेलॉक्सिकॅम हे औषध आहे. ते गिधाडांना सुरक्षित आहे. डॉक्टरांशी बोलून ते मागा.

दोन. दुकानातून माणसांचे औषध आणून ढोरांना परस्पर टोचू नका.

तीन. बंद असलेली औषधे दिलेले जनावर मेले, तर ते उघड्यावर टाकू नका. खोल खड्डा करून पुरा.

चार. कुत्र्यांना किंवा बिबट्याला मारण्यासाठी मेलेल्या ढोरावर विष घालू नका. त्याने गिधाडेही मरतात. असे करणे गुन्हा आहे.

आणि शेवटी एक सांगतो. तुम्ही आता लिहायला-वाचायला शिकलात. त्याचा उपयोग इथे करा. आपल्या वहीत तीन नावे लिहा: डायक्लोफेनॅक, केटोप्रोफेन, असेक्लोफेनॅक. त्यापुढे लिहा, "नको." खाली लिहा, मेलॉक्सिकॅम. त्यापुढे लिहा, "चालेल." ही वही गोठ्यात टांगून ठेवा. बाटलीवरचे नाव इंग्रजीत असेल, तर दुकानदाराला मोठ्याने वाचायला सांगा आणि वहीशी ताडून पाहा.

गिधाडे वाढवणाऱ्यांनी आपले काम केले आहे. ती गिधाडे आपल्या शिवारात उतरून जगतील की मरतील, ते आता आपल्या गोठ्यात ठरणार आहे.